यकृत पिवळं, पोटात बोटभर चरबी

मे महिन्यात हातकणंगल्याजवळच्या एका लेअर फार्मवरून, म्हणजे अंड्यांसाठी कोंबड्या पाळणाऱ्या फार्मवरून, चार मेलेल्या कोंबड्या तपासणीला आल्या. बर्फाच्या पेटीत आणल्या होत्या, म्हणून उघडून बघण्यात अर्थ होता. पोत्यात रात्रभर राहिलेल्या पक्ष्याचं यकृत सडतं, त्यावरून काहीच ठरवता येत नाही.

तुरे पांढरेफटक. पोटात बोटभर जाड चरबी, यकृत पिवळं, दाबलं की भुगा होणारं. तिघींच्या पोटात साकळलेलं रक्त.

"खाद्य हाय तेवढंच घालतोय, डॉक्टर. व्हायरसनं बी चरबी वाढतीया म्हणं, खरं हाय का?"

मालकांचा प्रश्न रास्त होता. १९८०च्या दशकात मुंबईकडे कोंबड्यांची मरतूक झाली, तेव्हा पशुवैद्य डॉ. अजिंक्य यांना एसमॅम-१ हा विषाणू सापडला; तो अडिनोव्हायरस या गटातला. लठ्ठपणावर संशोधन करणाऱ्या डॉ. निखिल धुरंधरांच्या प्रयोगात या विषाणूनं कोंबड्यांची चरबी वाढली, रक्तातलं कोलेस्टेरॉल मात्र उतरलं. हा उलटा मेळच या विषाणूची खरी खूण. पुढे मुंबईतल्या ५२ लठ्ठ रुग्णांपैकी १० जणांत त्याची प्रतिपिंडं निघाली. उरलेल्या रुग्णांपेक्षा त्यांचंही वजन जास्त, कोलेस्टेरॉल कमी. अमेरिकेत माणसांतल्या अडिनोव्हायरस-३६ साठी ५०२ जण तपासले: प्रतिपिंडं लठ्ठ लोकांपैकी ३० टक्के जणांत निघाली, इतरांपैकी ११ टक्के जणांत. पण प्रतिपिंडं म्हणजे संसर्ग होऊन गेल्याची खूण. लठ्ठपणा त्यानंच आला, असं त्यावरून म्हणता येत नाही.

मग यकृताचे अर्धा सेंटिमीटर जाडीचे तुकडे दसपट फॉर्मॅलिनमध्ये टाकले. जाड तुकडा आतून कुजतो, फ्रीजरमध्ये गोठवला तर पेशी फाटतात. विषाणूसाठीचा तुकडा वेगळा, बर्फावर. त्याच पिंजऱ्यांतल्या जिवंत कोंबड्यांच्या पंखाच्या शिरेतून दोन-दोन मिली रक्त घेतलं. अंड्यावरच्या कोंबडीचं ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, मुळातच चढं असतं, म्हणून त्याच वयाच्या, तेवढीच अंडी देणाऱ्या निरोगी कोंबड्यांचंही घेतलं. ही तुलना करायची राहून गेली तर आकडा फसवतो.

यकृताच्या पेशी चरबीनं फुगलेल्या होत्या. अडिनोव्हायरसच्या यकृतदाहात पेशीकेंद्रात दिसणारे समावेशी कण कुठंच नव्हते, विषाणूची तपासणीही निगेटिव्ह. रक्तातली चरबी निरोगी कोंबड्यांपेक्षा चढीच. म्हणजे फॅटी लिव्हर. उन्हाळ्यात अंग ऊबदार ठेवायला ऊर्जा कमी लागते, पिंजऱ्यात हालचाल नाही; खाद्य तेवढंच राहिलं तरी ते जास्तच होतं.

खाद्यातलं तेल बंद केलं, मका थोडा उतरवला, कोलीन आणि ई जीवनसत्त्व वाढवलं. दर आठवड्याला ठरावीक पिंजऱ्यांतल्या पन्नास कोंबड्या तोलायला सांगितल्या, सकाळी खाद्य घालण्याआधी.