जिताड्यासाठी सांध्याचा लाकडी लूर: नमुना 3

लूर म्हणजे जिताडा मासा पकडायचं माशाच्या आकाराचं खोटं आमिष. हा दोन तुकड्यांचा, मधे सांधा. माप: लांबी 120, उंची 32, जाडी 20 मिमी. लाकूड शिवणीचं. हलकं आहे आणि कानशीखाली फारशी तुसं निघत नाहीत.

नमुना 2चा सांधा डावीकडे अडायचा. अंग गोल केल्यावर भोकं पाडली होती, हीच चूक. गोल अंगावर ड्रिल सरळ उभं राहत नाही, आणि सांध्याची खीळ जराशी कलली तरी शेपूट एकाच बाजूला पडतं. या वेळी ठोकळा चौकोनी असतानाच मध्यरेषा आखून सगळी भोकं पाडली. करवत नंतर.

मागच्या तुकड्याचं तोंड पाचरीसारखं, दोन्ही बाजूंना 30 अंश उतार. टोकापासून 6 मिमी मागे पोटाकडून 1.6 मिमीचं भोक. त्याला छेदणाऱ्या दोन आडव्या खाचा, 3 मिमी रुंद. पुढच्या तुकड्यात 1 मिमी स्टेनलेस स्टीलची तार पिळून केलेले दोन कान, म्हणजे कड्या. ते खाचांत शिरले की खालून 1.5 मिमीची खीळ. कान अजून चिकटवलेले नाहीत. दोन तुकड्यांतली फट 2.5 मिमी ठेवली आहे. रंग आणि इपॉक्सी (घट्ट होणारं रेझिन) चढल्यावर ती दीडवर येते. कोऱ्या लाकडावर नेमका बसलेला सांधा शेवटच्या थरानंतर हलतच नाही.

तोलण्याआधी पातळ इपॉक्सीने लाकूड बंद केलं, नाहीतर ते पाणी पितं आणि मोजमाप फुकट. मग हुक, रिंगा लावून, पोटाला रबरबँडने शिशाचे छर्रे बांधून बादलीत. दहा लिटर पाण्यात 350 ग्रॅम मीठ, समुद्राइतकं खारट! हा लूर सुमारे 42 घनसेंमीचा, म्हणजे गोड्या पाण्यात जेमतेम बुडणारा लूर समुद्राच्या पाण्यात साधारण एक ग्रॅम शिसं जास्त मागतो. भर पावसात खाडी गोडी होते तेव्हा तोच लूर तळाला जाईल, हेही धरून चाला.

शिसं बहुतेक पुढच्या तुकड्यात, पोटाशी. मागे दीड ग्रॅम, तेही सांध्याजवळ. शेपूट जड झालं की वळवळ मेली. छर्रे थंडच इपॉक्सीत बसवले. ओलसर लाकडात वितळलेलं शिसं ओतलं तर वाफेने अंगावर उडतं.

सध्या पहिल्या जाड थरावर दमट हवेमुळे मेणचट साय आली आहे. कोमट पाण्याने घासून, सुकवून, 320 नंबरचा पॉलिश पेपर मारल्याशिवाय पुढचा थर धरणार नाही. कान त्यानंतर चिकटतील.