उतरता न उतरणारा अमोनिया: नव्या फिशटँकचा माझा अनुभव

ज्या दुकानातून आम्ही फिशटँक घेतला, तिथल्या मालकाने काचेची टाकी, खडे, फिल्टर, दिवा, खाद्याचा डबा आणि चार गोल्डफिश एकाच शनिवारी एकाच पावतीवर विकले आणि पाणी भरल्यावर तासाभराने मासे सोडायला हरकत नाही, असे छातीठोकपणे सांगितले. त्या एका वाक्याचा राग अजून माझ्या मनातून गेलेला नाही, कारण पुढचे ४१ दिवस मी जे काही केले ते त्या तासाभराचे प्रायश्चित्त होते.

टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि सव्वा फूट उंच आहे. खडे आणि वरची मोकळी जागा वजा करता तिच्यात सुमारे ६० लिटर पाणी मावते. डोंबिवलीच्या आमच्या घरात ती हॉलमध्ये टीव्हीशेजारी बसली. मुलीचा दहावा वाढदिवस होता, त्यामुळे मासे त्याच दिवशी हवे होते, हेही मान्य करते.

पाचव्या दिवशी सकाळी चारही मासे पाण्याच्या पृष्ठभागाशी तोंडे आणून हवा गिळत होते. कल्ल्यांच्या कडा लालभडक दिसत होत्या आणि पर अंगाशी मिटलेले होते. भूक लागली म्हणून ते वर आले असावेत, असे वाटून मुलीने आणखी चिमूटभर खाद्य टाकले. दुकानदार फोनवर म्हणाला, "नवीन आहेत, ताई, रुळतील." ठाण्याला राहणारी माझी ऑफिसमधली मैत्रीण मात्र लगेच म्हणाली, "आधी अमोनिया मोज." तिच्याकडे आठ वर्षांपासून फिशटँक आहे.

तिने जे समजावले ते थोडक्यात असे. मासे कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतात, शिवाय विष्ठा आणि उरलेले खाद्य कुजूनही तो तयार होतो. मुरलेल्या टाकीत फिल्टरच्या स्पंजावर, खड्यांवर आणि काचेवर वाढलेले जिवाणू या अमोनियाचे नायट्राइट करतात आणि दुसऱ्या प्रकारचे जिवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात, जे माशांना बरेच कमी बाधते. नव्या टाकीत हे जिवाणू जवळजवळ नसतात आणि पुरेसे वाढायला त्यांना साधारण चार ते सहा आठवडे लागतात. दुकानदाराने त्या सहा आठवड्यांचा तास केला होता.

अमोनिया मोजायचे किट सातव्या दिवशी हाती आले. माझ्या किटमध्ये परीक्षानळीत ५ मिलिलिटर पाणी घेऊन दोन बाटल्यांतले आठ-आठ थेंब टाकायचे, नळी हलवायची आणि पाच मिनिटे थांबून रंग तक्त्याशी ताडून पाहायचा असतो. पिवळा म्हणजे शून्य. जितका हिरवा तितका अमोनिया जास्त. आमची नळी कैरीच्या सालीसारखी हिरवी झाली. तक्त्यावर तो रंग २ आणि ४ पीपीएमच्या (म्हणजे दहा लाख भागांत इतके भाग) मधला होता.

त्या दिवसापासून निम्मे पाणी बदलण्याचा क्रम सुरू झाला. पंधरा लिटरच्या दोन बादल्या आदल्या रात्री भरून ठेवायच्या, सकाळी त्यांत क्लोरीन मारणारे औषध टाकायचे आणि टाकीतले ३० लिटर काढून तेवढेच भरायचे. पावसाळ्यात आमच्या नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास येतोच, त्यामुळे औषधाला सुट्टी नाही. निम्मे पाणी बदलले की अमोनिया निम्मा होतो, हे साधे गणित आहे. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा जवळजवळ होता तिथेच येतो, हे मला कोणी सांगितले नव्हते. ज्या दिनदर्शिकेवर दुधाचा हिशेब असतो तिच्याच चौकोनांत मी हिरव्या पेनने आकडे लिहू लागले: ४, बदलल्यावर २, सकाळी पुन्हा ३ किंवा ४. नवव्या दिवसापासून तिसाव्या दिवसापर्यंत ही रांग जवळपास तशीच आहे. ते पान मी जपून ठेवले आहे.

या तीन आठवड्यांत मी काय काय केले नाही? नळाचे पाणी वेगळे तपासले. त्यात अमोनिया शून्य होता. खाद्य एक दिवसाआड, तेही दोन मिनिटांत संपेल एवढेच केले, त्यावरून मुलीने दोन दिवस माझ्याशी अबोला धरला. अमोनिया उतरवण्याचे म्हणून एक महागडे औषध आणले आणि ते टाकूनही नळी हिरवीच राहिली तेव्हा फसवणूक झाली असे वाटले. पुष्कळ उशिरा कळले की असे औषध अमोनिया नाहीसा करत नाही, काही काळ त्याला निरुपद्रवी रूपात बांधून ठेवते, आणि माझ्याकडे आहे तसले किट बांधलेला आणि मोकळा असा दोन्ही अमोनिया एकत्रच मोजते. मजल्यावरच्या एका काकांनी खाण्याचा सोडा टाकायला सांगितले. सुदैवाने मी आधी मैत्रिणीला विचारले. सोड्याने पाण्याचा पीएच, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी किंवा अल्कधर्मी आहे ते सांगणारा आकडा, वाढतो आणि पीएच ७ ला एकूण अमोनियातला एक टक्काही घातक रूपात नसतो, तो ८ ला पाच टक्क्यांच्या घरात जातो. म्हणजे किटवरचा आकडा तोच राहून विष जवळजवळ दहापट झाले असते. आमच्या पाण्याचा पीएच ७.२ होता आणि एवढ्या अमोनियातही मासे तग धरून राहिले ते बहुधा त्यामुळेच.

एक घोडचूक मात्र माझ्याच हातून होत होती. दर रविवारी फिल्टरचा स्पंज नळाखाली स्वच्छ धुवा, असे दुकानदाराने बजावले होते आणि मी दोन रविवार तो अगदी पांढरा होईपर्यंत पिळून काढला होता. ज्या जिवाणूंची मी वाट पाहत होते ते त्याच स्पंजावर बसू पाहत होते आणि मी त्यांना क्लोरीनच्या पाण्याने धुऊन मोरीत सोडत होते. अठराव्या दिवशी मैत्रिणीला हे सांगितले तेव्हा तिने कपाळाला हात लावला. विसाव्या दिवशी तिने स्वतःच्या फिल्टरमधला जुना, तपकिरी राड्याने भरलेला स्पंजाचा तुकडा तिच्याच टाकीच्या पाण्यासह प्लास्टिकच्या पिशवीत घालून ऑफिसात आणला आणि मी तो संध्याकाळच्या लोकलमध्ये छातीशी धरून घरी नेला. (असा स्पंज वाळू देऊ नये, आणि ज्या टाकीत मासे आजारी आहेत तिथला तर घेऊच नये.) आता आठवड्यात फरक पडेल, असे तिचे म्हणणे होते.

आठवडा गेला, नळी हिरवीच. त्यातच, चोविसाव्या दिवशी, चारांतला सर्वांत लहान मासा गेला. मुलगी रडली आणि मी दिनदर्शिकेच्या त्या चौकोनात आकडा लिहिला नाही.

तिसाव्या रात्री दोनच्या सुमारास मी पाणी प्यायला उठले. हॉलमधून जाताना काहीतरी चुकल्यासारखे वाटले आणि मग लक्षात आले की फिल्टरची घरघर ऐकू येत नाही. दिवा आणि फिल्टर एकाच एक्स्टेंशन बोर्डावर होते आणि बोर्डाचे बटण बंद होते. सकाळी सासूबाईंना विचारले, तर त्या अगदी सहज म्हणाल्या, "अगं, रोजच बंद करते की मी. तो दुकानदार म्हणाला होता ना, रात्री बटण बंद करत जा म्हणून? आणि त्या घरघरीत त्या बिचाऱ्यांना झोप तरी कशी लागायची?" रात्री साडेदहाला त्या बटण बंद करत आणि पहाटे साडेपाचला देवपूजेला उठल्या की चालू करत. मी सहाला उठते, तेव्हा सगळे व्यवस्थित चाललेले दिसे. दुकानदार दिव्याबद्दल बोलला होता, पण त्याने तसे स्पष्ट म्हटले नव्हते. आणि माशांना झोप लागावी म्हणून फिल्टर बंद करणाऱ्या बाईंवर रागावणार तरी कसे?

हे जिवाणू प्राणवायूवर जगतात. फिल्टर बंद असताना स्पंजातले पाणी साचून राहते, त्यातला प्राणवायू संपत जातो आणि अमोनियावरचे काम थांबते. असे रोज सात तास चालले तर वाढही खुंटते. मी दिवसा जे जमवत होते ते रात्री मोडत होते. त्याच दिवशी दिव्याची वायर दुसऱ्या सॉकेटला लावली आणि फिल्टरच्या बटणावर चिकटपट्टी चिकटवून तिच्यावर मोठ्या अक्षरांत 'चालूच ठेवणे' असे लिहिले.

तेहतिसाव्या दिवशी आकडा २ झाला, पस्तिसाव्या दिवशी १, आणि एक्केचाळिसाव्या दिवशी सकाळी नळी पिवळी राहिली. तो पिवळा मी खिडकीपाशी नेऊन पाहिला, कारण शून्य आणि ०.२५ यांतला फरक ट्यूबलाइटखाली कळत नाही. रंग नेहमी दिवसाच्या उजेडातच पाहावा. ऑफिसला उशीर झाला, पण मी ती नळी घरातल्या प्रत्येकाला दाखवूनच निघाले. मधल्या काळात नायट्राइट वर आले होते, तेव्हा माशांना त्याचा त्रास कमी व्हावा म्हणून लिटरला एक ग्रॅम या हिशेबाने खडे मीठ विरघळवून टाकले आणि पाणी बदलत राहिले. पन्नासाव्या दिवसापर्यंत तेही गेले.

पाणी बदलल्याने जिवाणू जातील, या भीतीने काहीजण विष वाढू देतात. ती भीती व्यर्थ आहे, कारण ते पाण्यात फारसे नसतात, पृष्ठभागांना चिकटलेले असतात. स्पंज आता मी महिन्यातून एकदा, टाकीतूनच काढलेल्या पाण्याच्या बादलीत दोनदा दाबून काढते. तो पांढरा दिसत नाही आणि दिसूही नये. एवढ्याशा टाकीत चार गोल्डफिश मुळातच जास्त होते, त्यामुळे उरलेल्या तिघांतला एक मैत्रिणीकडे गेला. पुन्हा टाकी मांडायची वेळ आली तर मी लगेच मासे आणणारच नाही. आधी शुद्ध नवसागर, म्हणजे अमोनियम क्लोराइड, विकत आणीन आणि ६० लिटरला साधारण ०.४ ग्रॅम टाकून २ पीपीएम अमोनिया तयार करीन. तो एका दिवसात शून्यावर येऊ लागला आणि नायट्राइटही शून्य दिसू लागले, की मगच दुकानात जाईन, आणि त्या दुकानात तर नाहीच.

वीज गेली की सासूबाई आता आधी मला हाक मारतात. दोन-तीन तासांहून जास्त वेळ गेली असेल, तर वीज परत आल्यावर फिल्टर तसाच चालू करू नये. तो टाकीबाहेर काढून आतले साचलेले पाणी ओतून द्यावे, स्पंज टाकीच्याच पाण्यात एकदा बुडवून घ्यावा आणि मग बटण दाबावे.