कुलूपबंद घरं

गावातला आमचा तिसरा दिवस. 15 ते 49 वयाच्या बायांचं हिमोग्लोबिन मोजायचं, प्रश्नावली भरायची आणि पुढचं दार गाठायचं, एवढंच काम. यादीतल्या घराला कुलूप दिसलं की शेजारचं घर घ्यायचो. लसीकरणाच्या जुन्या सर्व्हेंची सवय ती: 30 वस्त्या, प्रत्येकीत 7 मुलं, एका दारातून निघून लगतच्या दारात. मीही तशीच शिकले होते.

घरं दाखवायला गावातल्या एक मावशी सोबत असायच्या. त्या दिवशी चौथं कुलूप लागलं आणि मी शेजारी वळले, तशा त्या जागीच थांबल्या.

"ही बाई नाही तपासायची का?"

"मावशी, सगळ्या लागत नाहीत. चिठ्ठ्या टाकल्यासारखी घरं निवडलीत आम्ही."

"मग चिठ्ठीत निघालेलं घर बदलता कशाला?"

मला उत्तर सुचलं नाही. नमुना निवडीवर मी स्वतः प्रशिक्षणं घेतलेली, हे इथं सांगायलाही लाज वाटते. कुलूप कुणाच्या दाराला असतं? उजाडायच्या आत मजुरीला निघून दिवेलागणीला परतणाऱ्या बाईच्या. आम्ही दहा ते चार फिरणार, म्हणजे आमच्या हाती लागणार ती जिला बाहेर पडावं लागत नाही ती. अंगात रक्त कमी असण्याची शक्यता जिची जास्त, तीच नेमकी गळणार, आणि अहवालात गाव ठणठणीत दिसणार.

मावशी तेवढ्यावर थांबल्या नाहीत. काडीने मातीत गाव काढलं. देऊळ, विहीर, शाळा, मग ओढा, आणि ओढ्यापलीकडे बारा-चौदा ठिपके. ते ठिपके आमच्या यादीत नव्हतेच. यादी जुन्या नोंदवहीवरून केलेली, आणि ही माणसं नंतर येऊन राहिलेली.

संध्याकाळी टॉर्च घेऊन कुलपाच्या घरी पुन्हा गेलो. बाई नुकतीच आलेली, पाय धूत होती. मी संमतीपत्र काढलं आणि वाचायला सुरुवात करायच्या आतच तिनं अंगठा पुढे केला. कागद दिसला की अंगठा द्यायचा, ही सवय तिला कुणी लावली असेल, याचा मी बराच वेळ विचार करत होते. आधी ऐकून घ्या, नको वाटलं तर नाही म्हणा, असं म्हटल्यावर तिनं दोनच गोष्टी विचारल्या: पैसे पडतील का, आणि आकडा मला सांगाल का.

बोटाला टोचलं. यंत्रानं मिनिटाभरात आकडा दाखवला: 7.2. गरोदर नसलेल्या बाईसाठी 12 च्या खाली रक्तक्षय धरतात, 8 च्या खाली तीव्र. रेफरलची चिठ्ठी लिहिताना ती म्हणाली, "दवाखान्यात दिवस जाईल. त्या दिवसाची मजुरी?" प्रश्नावलीत यासाठी रकाना नव्हता. मी समासात लिहून घेतलं.

बंद घरी पुन्हा जायला आराखड्यात आडकाठी नव्हती, आळस आमचाच होता. पलीकडची वस्ती यादीत घ्यायची तर मात्र नीतिमत्ता समितीची मंजुरी हवी. त्यात काही आठवडे गेले. माणसांवरच्या वैद्यकीय संशोधनात काय पाळायचं हे सांगणाऱ्या 1964 च्या हेलसिंकी जाहीरनाम्याची 2024 मध्ये सुधारणा झाली, तेव्हा संशोधनाआधी, चालू असताना आणि नंतरही लोकांना अर्थपूर्ण रीतीने सामील करून घ्या, असं त्यात आलं. आम्ही मावशींना घेतलं होतं ते दारं दाखवायला.

मंजुरी आल्यावर नवी यादी घेऊन आधी मावशींकडे गेले. त्यांना वाचता येत नाही, म्हणून ओट्यावर बसून एकेक घर वाचून दाखवत होते. सहाव्या नावावर त्यांनी हात वर केला.

"हे खोडा. गेल्या आठवड्यात गाव सोडून गेले ते. आणि त्यांच्या खोपटात आता दुसरं कुणी आलंय, ते लिहा."