स्पानाकोपिता आणि तिची भावंडं: आतापर्यंतची नोंद

फिलोच्या, म्हणजे कागदासारख्या पातळ मैद्याच्या पदरांच्या, ग्रीक पाई बिघडतात त्या बहुतेक वेळा पाण्यामुळे. पालकातलं पाणी, फेटा या खाऱ्या ग्रीक चीजमधलं, लोण्यातलं, हवेतलं. म्हणून ही नोंद पाण्याच्या हिशोबानेच मांडली आहे. स्पानाकोपिता, म्हणजे पालक-फेटाची पाई, आता पक्की बसली आहे, तिरोपिताच्या, म्हणजे चीजच्या पाईच्या, तिकोनी घड्या जमल्या आहेत, घरी लाटलेल्या पारीचं काम अजून चालू आहे.

सध्या ठरलेलं प्रमाण

ट्रे ३० × ४० सेंमी, अ‍ॅल्युमिनियमचा. निवडून, धुऊन, जाड देठं काढलेला पालक १ किलो. एक मध्यम कांदा, पातीच्या कांद्याच्या ८ काड्या, शेपू ३० ग्रॅम, पुदिन्याची दहाबारा पानं. फेटा ३५० ग्रॅम, अंडी ३, बारीक रवा २ टेबलस्पून, मिरपूड, चिमूटभर जायफळ. विकतच्या फिलोचे १० पदर, खाली ६ आणि वर ४. ऑलिव्ह ऑइल १२० मिली, त्यातलं ३० मिली कांदा परतायला आणि ९० मिली पदरांना. मीठ फक्त पालक चोळण्यापुरतं.

शेपूबद्दल एवढंच की आपल्याकडच्या जुडीचा वास ग्रीक शेपूपेक्षा उग्र असतो. कृतीत ‘एक जुडी’ लिहिलं असलं तरी आधी ३० ग्रॅमच घाला, नाहीतर बाकी सगळ्या चवी तिच्याखाली दबतात.

पालक

चिरलेल्या पालकाला १० ग्रॅम मीठ लावून हाताने चोळायचं आणि चाळणीत अर्धा तास ठेवायचं. पालकात ९० टक्क्यांहून जास्त पाणी असतं, मीठ ते बाहेर ओढतं. मग मूठमूठ घेऊन दोन्ही हातांनी पिळायचा, थेंब यायचे थांबेपर्यंत. १ किलोचा साधारण ४५० ते ५०० ग्रॅम उरला पाहिजे. काट्यावर ६५० भरला तर परत पिळा. मिठाचा बराचसा भाग या पाण्याबरोबरच निघून जातो, त्यामुळे खारट होण्याची भीती नको.

इतका खटाटोप तळासाठी असतो. ओव्हनमध्ये उरलेल्या पाण्याची वाफ होते. वरच्या पदरांना चिरा दिलेल्या असतात, तिथून ती निघून जाते. खालून तिला वाट नसते, आणि सहाच्या सहा पदरांचा लगदा होतो. वरून सोनेरी, खालून गिच्च अशी पाई दिसली की दोष ओव्हनला देण्याआधी पालक तपासावा.

कांदा मंद आचेवर मऊ होईपर्यंत परतायचा आणि पूर्ण गार करायचा. कोमट कांदाही चालत नाही, वाफ धरतो. रव्यातला एक चमचा मिश्रणात, दुसरा तळाच्या पदरांवर भुरभुरायचा. ग्रीसमध्ये याच कामाला तांदूळ, दलिया किंवा त्राहाना वापरतात. त्राहाना म्हणजे आंबवलेल्या दुधात गहू शिजवून वाळवलेला चुरा. बारीक रवा त्याच जातीचं काम करतो आणि चवीत लुडबुड करत नाही.

फेटा आणि अंडी अगदी शेवटी मिसळायची आणि लगेच ट्रे भरायचा. फेटाच्या मिठाने पालक पुन्हा पाणी सोडायला लागतो. मिश्रण अर्धा तास पडून राहिलं की पातेल्याच्या तळाशी हिरवं पाणी दिसतंच.

नुसत्या पालकाऐवजी मिश्र पालेभाज्यांची ती होर्तोपिता. वायव्य ग्रीसमधल्या एपिरसच्या डोंगराळ भागात, मेत्सोवो आणि झागोरीकडे, रानातल्या पाल्याच्या पाई फार. मराठी स्वयंपाकघराला हा प्रकार जवळचा आहे, कारण राजगिऱ्याची पानं, चाकवत आणि घोळ ग्रीसमध्येही खातात. राजगिऱ्याला तिथे व्लिता म्हणतात. ६०० ग्रॅम पालकाला ४०० ग्रॅम राजगिरा हे मिश्रण उत्तम बसतं, राजगिऱ्यात पाणी कमी आणि पानाला अंग जास्त. घोळ मात्र १०० ग्रॅमच्या वर नको, त्याची बुळबुळ पिळून जात नाही.

फेटा

२००२ पासून युरोपीय संघात फेटा हे नाव ग्रीसमधल्या ठरावीक भागांत बनलेल्या चीजपुरतंच राखीव आहे. किमान ७० टक्के मेंढीचं दूध, उरलेलं शेळीचं, आणि किमान दोन महिने मुरवलेलं. गाईच्या दुधाचं जे पांढरं चीज डब्यात मिळतं ते दिसायला तसंच, पण बहुतेक वेळा लोण्यासारखं मऊ असतं आणि मिश्रणात विरघळून जातं. फेटा हरभऱ्याएवढ्या तुकड्यांत हाताने मोडायचा, घासातला खारट दाणा तिथूनच येतो. खाऱ्या पाण्यातून काढून पंधरा मिनिटं निथळू द्या.

शाकाहारी मंडळींनी रेनेटचा, म्हणजे चीजसाठी दूध घट्ट करणाऱ्या घटकाचा, उल्लेख डब्यावर वाचावा. परंपरेने ते प्राणिज असतं.

पनीर चालेल का? १ लिटर पाण्यात ७० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात पनीर एक दिवस फ्रीजमध्ये ठेवलं आणि मिश्रणात दोन चमचे चक्का घातला तर खाण्याजोगी पाई होते. फेटाची धार मात्र येत नाही, आणि पनीर भाजल्यावर कोरडं पडतं. अंडं किंवा चीज खायचं नसेल तर त्यापेक्षा ग्रीकांची उपवासाच्या दिवसांतली पाई करा. ईस्टरआधीच्या मोठ्या उपवासात चीज, अंडं दोन्ही वर्ज्य, म्हणून पालक, भरपूर पातीचा कांदा, शेपू, ऑलिव्ह ऑइल आणि मूठभर तांदूळ. ती कशाची नक्कल नाही, स्वतःच्या हक्काची पाई आहे.

विकतचे पदर

गोठवलेलं पाकीट रात्रभर फ्रीजमध्ये, मग तासदीड तास बाहेर, आणि तोवर उघडायचं नाही. गार पदरांवर बाहेरच्या हवेतलं पाणी धरतं. पाकीट बंद असलं की ते पाणी प्लास्टिकवर बसतं. पदर कोपऱ्यात एकमेकांना चिकटून आले असतील तर पाकीट वाटेत कुठेतरी वितळून परत गोठलं आहे. असे पदर सुटे करण्यात वेळ घालवू नका, मधल्या थरांत तुकड्यांनी वापरा.

ओलं फडकं थेट पदरांवर टाकणं ही सर्वांत जास्त दिसणारी चूक. वरचे पदर त्याने पिठूळ होतात. आधी बटर पेपर, त्यावर घट्ट पिळलेलं फडकं. उन्हाळ्यात विदर्भात हे हवंच, पाच मिनिटांत कडा पापडासारख्या तडकतात. पावसाळ्यात मुंबई-कोकणात फडकं नको, बटर पेपर पुरे.

प्रत्येक पदराला ८-९ मिली तेल. ब्रशने सारवू नका, शिंपडा आणि हलक्या हाताने पसरा. पदर सपाट बसवण्यापेक्षा जरा चुरगळलेला ठेवला तर मध्ये हवा राहते आणि पापुद्रे सुटतात. चीजच्या पाईला तूप छान लागतं. साध्या लोण्यात १६ टक्क्यांच्या आसपास पाणी आणि दुधाचा साका असतो. पाणी पदर मऊ पाडतं, साका आधी करपतो. ग्रीसमध्येही अशा पाईंना कढवलेलं लोणी वापरतात, म्हणजे साजूक तूप इथे तडजोड म्हणून येत नाही.

समोशाची पट्टी फिलोच्या जागी चालत नाही. ती तव्यावर अर्धी भाजलेली असते, तळली तर ठीक, ओव्हनमध्ये वातड होते. तिरोपिताच्या तिकोनी घडीची पद्धत मात्र पट्टी समोशाचीच: ७-८ सेंमी रुंद पट्टी, दुमडलेली, एक टेबलस्पून सारण, आणि पहिली घडी सैल. अंडं फुगतं, घट्ट घडी फाटते. न भाजता गोठवायच्या, गोठलेल्याच १८० अंशांवर दहा मिनिटं जास्त भाजायच्या.

भाजणं

भाजण्याआधी वरचे चार पदर सुरीने चौकोनांत कापून घ्यायचे, तळापर्यंत नाही. हात ओला करून वरून पाणी झटकायचं, म्हणजे कडा वर उचलत नाहीत. पाण्याच्या या सगळ्या वैरात एवढाच अपवाद.

वर-खाली कॉइलवर १८० अंश, खालून पहिला खण, ५५ ते ६५ मिनिटं. पंखा चालू असेल तर १६०-१६५. ट्रे हलवल्यावर अख्खी पाई एकसंध सरकली तर तळ भाजला आहे. कोपरा उलथन्याने उचलून रंग बघा, फिका असेल तर वर फॉइल ठेवून फक्त खालच्या कॉइलवर आणखी दहा मिनिटं. काचेचं भांडं टाळा, हळू तापतं. बाहेर काढल्यावर जाळीवर अर्धा तास, झाकण अजिबात नको. झाकली की सगळी मेहनत वाफेत गेली.

कृती लिहून देताना

एकाच पाईच्या दोन कृती जुळत नाहीत याचं कारण अनेकदा मापात सापडतं. ग्रीक घरगुती वह्यांत पाण्याचा ग्लास म्हणजे साधारण २५० मिली, वाइनचा ग्लास १०० ते १२० आणि कॉफीचा छोटा कप ७०-८० मिली. फार जुन्या वहीत ‘ओका’ दिसला तर तो सुमारे १.२८ किलो, १९५९ पर्यंत चाललेलं वजन. मेलबर्नच्या ग्रीक कुटुंबांकडून आलेल्या कृतीत टेबलस्पून २० मिलीचा असतो, १५चा नाही. अमेरिकेतल्या कृतीतलं पालकाचं गोठवलेलं पाकीट २८३ ग्रॅमचं.

म्हणून आपण दुसऱ्याला कृती देताना ट्रेची लांबी-रुंदी, पदर किती आणि कसे (कागदी की जाड), पालकाचं पिळल्यानंतरचं वजन, तेल मिलीमध्ये, पंखा चालू की बंद आणि ट्रे कुठल्या खणात, एवढं लिहावंच. जुडी आणि ‘अंदाजे’ हे शब्द घरी ठीक आहेत. नाशिकची जुडी आणि न्यू जर्सीची पिशवी यांचा मेळ ग्रॅमशिवाय बसत नाही.

घरची पारी: काम चालू

मैदा ५०० ग्रॅम, कोमट पाणी २५० मिली, ऑलिव्ह ऑइल ३० मिली, व्हिनेगर १५ मिली, मीठ ८ ग्रॅम. दहा मिनिटं मळून एक तास झाकून ठेवायचं. व्हिनेगरने कणीक सैलावते, लाटताना मागे आखडत नाही. सुमारे १३० ग्रॅमचे सहा गोळे, ३२ सेंमीच्या गोल ट्रेला तीन खाली, तीन वर. लाटणं लांब आणि बारीक हवं, ७० सेंमी तरी. पोळपाटाच्या लाटण्याने २५ सेंमीच्या पुढे कडा जाड राहतात. पारी लाटण्याभोवती गुंडाळून हात मधून बाहेर सरकवत फिरवायचं. वरून कॉर्नफ्लोअर लावा, मैदा नको, तो कणकेत मुरतो.

सोपा रस्ताही ग्रीकच आहे: बशीएवढ्या पाच-सहा पुऱ्या, मध्ये तूप लावून एकावर एक, अर्धा तास फ्रीजमध्ये, मग एकत्र लाटायच्या. चिरोट्याला साटा लावणाऱ्या हाताला हे शिकवावं लागत नाही. अडचण एकच उरली आहे. तूप फार गार झालं तर लाटताना फुटतं, मऊ राहिलं तर कडेने बाहेर येतं. सध्या वीस मिनिटं फ्रीज आणि पाच मिनिटं बाहेर यावर काम चालू आहे.

पारी जमेपर्यंत झागोरीची अलेव्रोपिता करून बघा, तिला पदरच लागत नाहीत. मैदा १५० ग्रॅम, पाणी ३०० मिली, एक अंडं, फेटा २०० ग्रॅम. ३० × ४० चा ट्रे तीन चमचे तेल घालून २२० अंशांवर दहा मिनिटं तापवायचा, मग पातळ पीठ ओतायचं, वर फेटा आणि तुपाचे ठिपके, ३५ ते ४० मिनिटं. ट्रे गार असताना पीठ ओतलं तर ती तळाला चिकटून बसते आणि सुटतच नाही.