दोन नंबरच्या सिलिंडरची हवा कुठून जात होती

बाबांची मारुती ८०० सीएनजीवर चालते. गेल्या पावसाळ्यात ती सिग्नलला उभी राहिली की थरथरायची. प्लग, वायरी, डिस्ट्रिब्युटर कॅप सगळं बदललं, तरी मिसिंग, म्हणजे एखाद्या सिलिंडरचं नीट पेट न घेणं, तसंच. एका गॅरेजमध्ये कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते, मोजलं. एक आणि तीन नंबर १६० पीएसआयच्या आसपास, दोन नंबर ९०. "बोअर गेलंय, म्हणजे सिलिंडर आतून झिजलाय, इंजिन उतरवावं लागेल," असं सांगितलं. बाबांना ते पटेना. गाडी ना ऑइल खात होती, ना धूर टाकत होती.

मग मीच हात घातला. दोन नंबरच्या प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडलं आणि पुन्हा मोजलं. पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या असत्या तर ऑइलनं फट बुजून आकडा चांगला वर गेला असता. तो ९५ वर थांबला.

पुढची पायरी लीक-डाउन, म्हणजे गळतीची चाचणी. पिस्टन कॉम्प्रेशन स्ट्रोकच्या टोकाला आणायचा, म्हणजे हवा आत घेणारा (इनटेक) आणि धूर बाहेर सोडणारा (एक्झॉस्ट) असे दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात, आणि प्लगच्या जागी १०० पीएसआय हवा सोडायची. दुसरा गेज किती टिकली ते दाखवतो. गाडी ढकलत पंक्चरवाल्या अण्णांच्या कॉम्प्रेसरपाशी नेली. चौथा गिअर टाकला, हँडब्रेक ओढला. पिस्टन वर आणायला क्रँकवर, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या दांड्यावर, लावलेला पाना मात्र आठवणीनं काढा. या इंजिनाचा पिस्टन ६८.५ मिलिमीटरचा, त्यावर तेवढी हवा म्हणजे जवळपास अडीचशे किलोचा रेटा. क्रँक फिरली तर पाना हात मोडेल.

सुरुवात चांगल्या असलेल्या एक नंबरपासून केली, तर हवा सायलेन्सर आणि कार्बोरेटर दोन्हीकडून बाहेर! पाच मिनिटं डोकं चालेना. मग उमगलं, पिस्टन वर होता खरा, पण एक्झॉस्ट स्ट्रोकच्या शेवटी, जिथे दोन्ही व्हॉल्व्ह थोडे उघडे असतात. क्रँक पूर्ण एक फेरा फिरवली आणि गळती ८ टक्क्यांवर आली. तेव्हापासून प्लगच्या भोकावर बोट ठेवून हवेचा धक्का लागतो का, ते आधी बघतो.

तीन नंबर ११ टक्के. दोन नंबर ४५.

आता कानाचं काम. ऑइलचं झाकण उघडलं, तिथे जेमतेम फुसफुस. रिंगांची गळती तिथून येते, पण एवढी चांगल्या इंजिनातही असते. रेडिएटरमध्ये बुडबुडे नाहीत, म्हणजे हेड गॅस्केट (सिलिंडरांवरच्या झाकणाखालचं पॅकिंग) शाबूत. कार्बोरेटर गप्प, म्हणजे इनटेक व्हॉल्व्ह ठीक. सायलेन्सरच्या तोंडाशी कान नेला आणि सरळ शिट्टी ऐकू आली. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह!

टॅपेटमध्ये, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या भागातल्या फटीत, फट मोजायच्या फिलर गेजचं सर्वात पातळ पातंही जाईना. सीएनजीवर व्हॉल्व्हची सीट, म्हणजे तो टेकतो ती जागा, हळूहळू झिजते, व्हॉल्व्ह वर सरकतो आणि फट संपते. मग तो पुरता बसत नाही, उष्णता हेडला देऊ शकत नाही, आणि जळतो. टॅपेट सैल करून योग्य फट ठेवली आणि पुन्हा हवा भरली, पण शिट्टी कायम.

हेड उतरवलं. व्हॉल्व्हची कड एका बाजूनं खाल्लेली होती. बोअरमध्ये मात्र होनिंगच्या, म्हणजे बोअर घासताना पाडलेल्या, तिरप्या रेषा अजून स्पष्ट दिसत होत्या, म्हणजे बोअर झिजलेलं नव्हतं. बाबांना मुद्दाम बोलावून त्या दाखवल्या. नाना पेठेतून नवा व्हॉल्व्ह आणला, सीट कापून पेस्टनं घासून बसवला, गळतं का ते बघायला पोर्टमध्ये रॉकेल ओतून रात्रभर ठेवलं. सकाळी खाली एक थेंब नव्हता.

सगळं जोडून पुन्हा अण्णांकडे गेलो. दोन नंबर, ९ टक्के.