नारळ तुमचेच जातात, मग विरोध कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. हाच प्रश्न मला एसटीत विचारतात, परवा तर बारशाच्या पंगतीत विचारला. "माकडांपायी कौलं तुझी फुटतात, नारळ तुझे जातात, आणि जनावरं मारायची मोकळीक मिळत होती तर विरोधाचं पत्र तूच धाडलंस?"

धाडलं. 2021 च्या डिसेंबरात वन्यजीव संरक्षण कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक लोकसभेत आलं, पुढे संसदीय समितीकडे गेलं, तेव्हा. मला प्राण्यांचा पुळका आहे असं मात्र समजू नका. यंदा डुकरांनी सुरणाचा एक कांदा ठेवला नाही. पंचनाम्याला माणूस आला तोवर उकरलेल्या मातीवर गवत उगवलं होतं.

माझं भांडण कलम 62 शी. एखादा प्राणी अमुक भागात, अमुक मुदतीसाठी 'उपद्रवी' ठरवायचा अधिकार ते केंद्र सरकारला देतं. ठरला की त्याचं संरक्षण गेलं. 2016 मध्ये बिहारात मोकामा भागात बाहेरून नेमबाज आणून दोनशेहून जास्त नीलगायी मारल्या, त्या याच वाटेने. कायद्याला प्राण्यांच्या याद्या जोडलेल्या आहेत, त्या अनुसूची. पूर्वी दुसऱ्या अनुसूचीतले काही प्राणी या कलमाच्या हाताबाहेर होते. दुरुस्तीत जुन्या अनुसूची एकत्र करून दुसरी फुगवली आणि ती सबंध या कलमाखाली आली. 1 एप्रिल 2023 पासून हे लागू आहे.

"पण डुकरंच मारायची ना?" कशाने मारणार? आपल्याकडे बंदुका किती जणांकडे? आपल्याकडे लागते ती फासकी, दुचाकीच्या क्लचवायरची. आमच्या वाडीच्या कुंपणाला अशीच एक कुणीतरी डुकरासाठी लावली होती. सकाळी बिबट्या अडकलेला. कमरेत वायर रुतलेली, आजूबाजूची माती त्याने पार खरवडून काढली होती. वनखात्याची गाडी येईपर्यंत तो गुरगुरायचाही थांबला होता. बिबट्या पहिल्या, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या अनुसूचीत आहे, पण फासकीला अनुसूची वाचता येत नाही. आज ती लावणारा निदान चोरून लावतो. उद्या डुक्कर उपद्रवी ठरलं की हीच फासकी दिवसाढवळ्या लागेल.

एक मात्र कबूल करतो, या दुरुस्तीने एक गोष्ट चांगली केली. जुनी पाचवी अनुसूची काढून टाकली. तिच्यात उंदीर, कावळे यांच्या जोडीला फळं खाणारी वटवाघळंही उपद्रवी म्हणून होती, थेट 1972 पासून. काजूच्या दिवसांत ही वटवाघळं बोंड खाऊन बी झाडाखाली टाकतात, आणि आमची म्हातारी पहाटे पाटी घेऊन ती वेचते. पन्नास वर्षं सरकारदरबारी ही वटवाघळं उंदराच्या पंगतीला!

आणि नुकसानीचं म्हणाल, तर कायद्यात कलम 11 आधीपासून आहे. त्यात उभ्या पिकाचा उल्लेखच आहे. दुसऱ्या अनुसूचीतलं जनावर पिकाला धोका ठरलं, तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी नेमलेला अधिकारी कारण लिहून मारायची परवानगी देऊ शकतो. कुठलं जनावर, का, कुणाच्या सहीने, हे सगळं कागदावर राहतं. मला एवढंच हवंय. डुकरांसाठी माझा अर्ज गेले चार महिने त्या अधिकाऱ्याकडे पडून आहे. सोमवारी पुन्हा जाणार आहे. तुमचाही अर्ज लिहून ठेवा, बरोबरच जाऊ.