लाल पडदा आणि वडाभात

आमच्या मंडळाच्या स्नेहसंमेलनाची तारीख कार्यकारिणी नव्हे, विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन ठरवायचं. डिसेंबरात नागपुरात बर्डीकडचे रस्ते मोर्चे आणि बॅरिकेडांनी भरले की मंडपवाला, खुर्च्यावाला कुणीच हाती लागत नसे. मग अधिवेशन कधी उठेल याचा अंदाज बांधून पत्रिका छापायची. तो अंदाज हमखास चुकायचा.

बाकी सगळं ठरलेलं. संगीतखुर्ची, पाककला (सांभारवडीचं, म्हणजे कोथिंबीरवडीचं, बक्षीस दरवर्षी त्याच काकूंना, परीक्षक कुणीही असो), पोरांचं नाटुकलं. दुसऱ्या रात्री सिनेमा आणि वडाभात, तिसऱ्या दिवशी सेमिनरी हिल्सला वनभोजन. सिनेमा खजिनदारकाका निवडत, म्हणजे विनोदीच.

२०१७ साली मात्र चित्रकलेचे सर हट्टाला पेटले. काकांनी एवढंच विचारलं, "किती वेळाचा आहे?" अठ्ठ्याण्णव मिनिटांचा. "चालते." सिनेमा होता 'आफ्टरइमेज', पोलंडच्या आंद्रे वायदांचा शेवटचा. आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरात, नव्वदाव्या वर्षी ते गेले होते. गोष्ट स्त्शेमिंस्की या चित्रकाराची. ते नाव कुणालाच उच्चारता येईना, म्हणून मंडळापुरते ते 'एका पायाचे सर' झाले. पहिल्या महायुद्धात त्यांचा एक हात आणि एक पाय गेला होता. सबटायटल्स इंग्रजीत, म्हणून आमचे सर माईक धरून मराठीत सांगत होते.

सुरुवात मजेची होती. हिरव्या उतारावरून हे एका पायाचे सर गडगडत खाली येतात आणि मागून सगळे विद्यार्थी. पोरं खिदळली. पुढे सर घरी चित्र काढायला बसतात आणि अख्खी खोली लालभडक होते. मागून आवाज आला, "अबे, लॅम्प गेला बे!" प्रोजेक्टरवाला धावला, त्यानं डब्याला दोन थपडा मारल्या. तेवढ्यात पडद्यावर कुबडीचं टोक त्या लालीत घुसलं, टर्रकन फाटलं आणि पांढरा उजेड आत आला. इमारतीवर चढवलेल्या स्टालिनच्या लाल कापडी फलकानं खिडकी झाकली होती. प्रोजेक्टरवाला ओशाळून बसला. त्यानंतर त्याच्याइतकं मन लावून सिनेमा कुणी पाहिला नसेल.

मग एकेक दार बंद होत गेलं. चित्र कम्युनिस्ट सरकारच्या साच्यातलं काढायचं नाही म्हटल्यावर १९५० साली नोकरी गेली, तीही ज्या कला-विद्यालयाच्या उभारणीत हात होता तिथली. वूज शहराच्या संग्रहालयातली त्यांनी मांडलेली खोली मोडून टाकली. चित्रकारांच्या संघटनेचं कार्ड नाही म्हणून दुकानदार रंगही देईना. हे सांगताना आमच्या सरांचा आवाज बारीक झाला होता. सुपाच्या प्रसंगाला तो थांबलाच.

कामवाली बाई ताटलीत सूप वाढते. यांच्याकडे द्यायला पैसे नाहीत, म्हणून ती ते भांड्यात परत ओतते. सर ताटली चाटतात. नेमकी त्याच वेळी मंडपामागे वडाभाताची फोडणी तडतडली. हिंग-मोहरीचा तो वास आणि समोर ती कोरडी ताटली. पहिल्या रांगेतून सांभारवडीवाल्या काकू मोठ्यानं म्हणाल्या, "दे नं वं बाई त्याले!"

शेवटी एका दुकानाच्या काचेत, पुतळे मांडता मांडता ते कोसळतात. टाळ्या नाहीत, कुजबुज नाही, फक्त खुर्च्या सरकल्याचा आवाज. जेवणाच्या रांगेत काकांनी रीतसर कुपनं मागितली, सरांनाही. "येवढं रडवायची का गरज होती, सर?" म्हणाले, आणि त्यांच्या भातावर तेलाची एक पळी जास्तीची सोडली.

त्याआधीचे आणि नंतरचे सिनेमे आज एकालाही सांगता येत नाहीत. अगदी काकांनाही.

दुसऱ्या दिवशी सेमिनरी हिल्सवर आम्ही संत्री सोलत बसलो होतो. उतारावर आरडाओरडा ऐकू आला म्हणून पाहिलं, तर चार पोरं एकेक पाय दुमडून, गवत-काटे अंगाला लावून गडगडत खाली येत होती. पुढे कुणी गडगडायचं यावरून भांडण लागलं होतं. "मी एका पायाचा सर, तू कालही विद्यार्थीच होता बे!"